गाडीची चावी हरवली: नवी करून घेणं एक, जुनी रद्द करणं दुसरं

पाना_बारातेरा

चावी हरवली की दोनच प्रश्न विचारले जातात: किती पैसे आणि किती दिवस. हरवलेली चावी कुठेतरी पडलेली आहे आणि ती अजूनही गाडी सुरू करू शकते, हे नवी चावी हातात पडली की सगळे विसरतात. म्हणून हा धागा. कामातलं ज्यांना कळतं त्यांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

आधी चावी उघडून बघू. गेल्या पंधराएक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांच्या चावीत तीन वेगळ्या वस्तू एकाच प्लास्टिकमध्ये कोंबलेल्या असतात.

पहिली म्हणजे पातं, दुकानात ज्याला ब्लेड म्हणतात ते. दाराचं आणि इग्निशनचं कुलूप फिरवणं एवढंच त्याचं काम.

दुसरी चिप. तांदळाच्या जाड दाण्याएवढी काचेची नळी किंवा नखाएवढा काळा तुकडा. हिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. चावी ऑनवर नेली की ती गुंडाळी साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र सोडते आणि तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते. गाडी एक आकडा फेकते, चिप आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याच्या मदतीने त्याचं उत्तर काढते. उत्तर जुळलं तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंधन सोडतो. नाही जुळलं तर स्टार्टर फिरत राहतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मीटरमध्ये चावीचं चित्र लुकलुकतं. काही गाड्यांत स्टार्टरही फिरत नाही. हाच इमोबिलायझर, मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात.

तिसरी वस्तू रिमोट. याला सेल लागतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि दर वेळी बटण दाबल्यावर वेगळा कोड पाठवतो. सेल संपला तर फक्त लॉक-अनलॉक बंद होतं. पात्याची चावी असेल तर गाडी सुरू व्हायला त्या सेलचा काही संबंध नाही.

आता मुद्दा. चिप आणि रिमोट गाडीच्या मेमरीतून पुसता येतात. पातं पुसता येत नाही. म्हणजे हरवलेली चावी रद्द केल्यावरही ज्याला ती सापडली तो दार उघडून आत बसू शकतो, डिकीतलं सामान नेऊ शकतो. गाडी मात्र नेऊ शकत नाही. दाराचीही भीती असेल तर कुलपाचं सिलिंडर बदलावं लागतं, किंवा त्यातल्या पितळी पट्ट्यांचा क्रम बदलून नवं पातं कापून घ्यावं लागतं.

चावी घरातच कुठे पडली असेल याची खात्री असेल तर आठवडाभर थांबा. गाडीच्याच आवारात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गाडीच्या नंबराची पट्टी लटकवलेल्या जुडग्यासकट हरवली असेल तर त्याच दिवशी पुसून घ्या. (चावीच्या जुडग्यावर गाडीचा नंबर कोरून घेण्याची हौस कुणाला सुचली देव जाणे.)

कानस

चांगला धागा. पात्याबद्दल थोडं, कारण सगळं लक्ष चिपकडे जातं आणि पातं गरीब बिचारं मागे राहतं.

पातं कापण्याच्या दोन पद्धती. एक, जुन्या चावीवरून नक्कल. दोन, कोडवरून कापणं. नक्कल करणारं मशीन समोरच्या चावीची झीजसुद्धा इमानदारीने उतरवतं. आठ वर्षं वापरलेल्या चावीवरून केलेली चावी पहिल्या दिवसापासून आठ वर्षं जुनी असते. तिच्यावरून पुढची काढली तर ती दारात चालते आणि इग्निशनमध्ये अडकते. म्हणून दोन चाव्यांपैकी जी कमी वापरली, कपाटात पडून होती, तीच नमुन्याला द्या.

कोडवरून कापली तर कारखान्यातून निघालेल्या मापाची चावी मिळते. नव्या गाडीच्या चाव्यांना तारेने एक छोटी धातूची पट्टी बांधलेली असते, तिच्यावर अक्षरं-आकडे कोरलेले असतात. बहुतेक जण ती किल्लीच्या कडीला अडते म्हणून तोडून फेकतात. तो चावीचा नंबर आहे. पट्टी काढा, फोटो घ्या, गाडीच्या बाहेर, घरी ठेवा. जुडग्यात ठेवलीत तर चावी सापडलेल्याला दुसरी करून घ्यायचीही सोय करून दिलीत.

पट्टीही नाही आणि एकही चावी नाही, अशा वेळी कुलपातूनच माप काढावं लागतं. त्यासाठी लिशी नावाचं अवजार असतं: कुलपाच्या फटीत घालून एकेक पट्टी उचलायची आणि त्याच्या अंगावरच्या मोजपट्टीवर कोणत्या खणात किती खोली ते वाचायचं. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप सगळ्यात झिजलेलं, त्यातून वाचन चुकतं. डाव्या दाराला किंवा डिकीला भोक असेल तर जाणता माणूस तिथून सुरुवात करतो. बऱ्याच नव्या गाड्यांत बाहेरून एकच कुलूप असतं, तिथे इलाज नाही.

पात्याचे प्रकार दोन: कडेला दाते असलेलं, आणि दोन्ही अंगांवर नागमोडी खाच असलेलं, ज्याला बाजारात लेझर कट म्हणतात. लेझर कापत नाही, कापतं ते मिलिंगचं पातंच; नाव पडलंय एवढंच. पहिलं कुठल्याही नाक्यावर होतं. दुसऱ्याला वेगळं मशीन लागतं आणि अर्धा मिलिमीटर चूकही चालत नाही. नवी चावी घेतल्यावर दुकानातच तिन्ही ठिकाणी फिरवून बघा: दार, डिकी, इग्निशन. जोर लावावा लागला तर परत द्या. "दोन दिवसांत बसेल" असं सांगितलं तर समजा की तुमच्या कुलपाच्या पट्ट्या घासून ती बसणार आहे.

नाशिककर_८००

एक शंका. आमच्याकडे एक चावी आहे, दुसरी हरवली. चावीवाला म्हणतो की असलेल्या चावीवरून अर्ध्या तासात चिपसकट करून देतो, गाडीही आणायची गरज नाही. सर्व्हिस सेंटर त्याच्या चौपट पैसे सांगतंय आणि गाडी, आरसी, दोन्ही गोष्टी घेऊन या म्हणतंय. दोघांच्या कामात फरक काय?

वायरिंगचा_गुंता

फरक मोठा आहे. चावीवाला म्हणतोय ते क्लोनिंग. तुमच्या चावीतल्या चिपचा गुप्त आकडा मशीनने काढून तो दुसऱ्या कोऱ्या चिपवर लिहायचा. गाडीला काही कळत नाही. तिच्या दृष्टीने तुमच्याकडे आधीही तीच चावी होती, आताही तीच आहे. त्यामुळे गाडी आणायची गरज पडत नाही.

तोटे नीट समजून घ्या. पहिला, हरवलेली चावी मेमरीत तशीच राहते. दुसरा, पुढे कधी ही क्लोन केलेली प्रत पुसायला गेलात तर प्रत आणि मूळ यांत गाडीला भेद करता येत नाही. दोन्ही एकाच नावावर आहेत. तिसरा, तुमच्या चावीचा आकडा त्या मशीनच्या मेमरीत राहिला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. चौथा, रिमोट क्लोन झालेला नसतो, तो वेगळा शिकवावा लागतो.

सर्व्हिस सेंटर करतं ते प्रोग्रॅमिंग. नवी, कोरी चिप गाडीला स्वतंत्रपणे ओळख करून द्यायची. आणि हे करताना बहुतेक गाड्यांत आधीच्या सगळ्या चाव्या पुसून, जेवढ्या समोर आहेत तेवढ्याच पुन्हा शिकवल्या जातात. म्हणूनच 'असतील तेवढ्या सगळ्या चाव्या आणा' असं सांगतात. दुसरी चावी घरी विसरून गेलात तर घरी येईपर्यंत ती नुसतं पातं झालेली असते.

क्लोनिंग नेहमीच वाईट असं नाही. दोन्ही चाव्या तुमच्याकडे सुखरूप आहेत आणि गावाकडे ठेवायला तिसरी हवी, तर ओळखीच्या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही. हरवलेल्या चावीला तो उपाय नव्हे.

पाना_बारातेरा

@वायरिंगचा_गुंता, प्रोग्रॅमिंगची पूर्ण रीत लिहाल का? लोक 'मशीन लावलं आणि झालं' समजतात.

वायरिंगचा_गुंता

लिहितो. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीतले दोष तपासायला मशीन जोडायचं, सोळा पिनांचं सॉकेट असतं, मशीन तिथे लागतं.

१. आधी बॅटरी. व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर चार्जर लावूनच काम सुरू करायचं. हे काम इग्निशन ऑन ठेवून चालतं, दिवे, पंखा, म्युझिक सगळं बंद पाहिजे. लिहिता लिहिता व्होल्टेज कोसळलं तर जुन्या चाव्या पुसलेल्या आणि नव्या न शिकलेल्या अशा अवस्थेत गाडी मध्येच अडकते. नवी चावी चालली नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत मरगळलेली बॅटरी फार वेळा सापडते.

२. मशीनवर 'किती चाव्या शिकलेल्या आहेत' हा आकडा बघायचा आणि लिहून ठेवायचा. फोटो काढा. बहुतेक गाड्यांत चार किंवा आठ चाव्यांपर्यंत जागा असते.

३. गाडीचा पिन, म्हणजे गुप्त परवानगी क्रमांक, मागितला जातो. काही कंपन्यांत तो चार आकडी, काहींत सहा आकडी. चॅसी नंबरावरून कंपनीच्या सर्व्हरकडून मिळतो. काही युरोपीय गाड्यांत पिन डोळ्यांना दिसतच नाही, मशीन थेट कंपनीच्या सर्व्हरशी जोडलं जाऊन तिथूनच परवानगी येते. चुकीचा पिन तीनेकदा टाकला तर गाडी दार लावून बसते, ठरावीक वेळ कुणाचंच ऐकत नाही. तेवढा वेळ इग्निशन ऑन ठेवून गप्प बसायचं. अधीर होऊन बॅटरीची तार काढली तर काही गाड्यांत घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

४. जुन्या पुसायच्या, मग एकेक चावी लावून ऑन करायची आणि मशीन सांगेल तेवढे सेकंद थांबायचं. शिकवताना कडीत दुसरी चिपची चावी नको. दोन चिपा एकाच गुंडाळीजवळ आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही कळत नाही. रोजच्या वापरातही 'कधी सुरू होते, कधी नाही' या तक्रारीत आधी जुडगं सोडवून एकट्या चावीने बघा.

५. रिमोट बऱ्याच गाड्यांत वेगळ्या मोड्यूलमध्ये, म्हणजे दारं-दिवे सांभाळणाऱ्या बीसीएममध्ये शिकवला जातो. चिप पुसली म्हणजे रिमोट पुसला गेला असं धरून चालू नका. वेगळं विचारा, वेगळं तपासा.

६. शेवटी चाव्यांचा आकडा परत बघायचा. हातात दोन आहेत तर पडद्यावर दोनच दिसल्या पाहिजेत. मग प्रत्येक चावीने गाडी सुरू करून किमान दहा सेकंद चालू ठेवायची. दोन सेकंदांत बंद पडणारी चूक लगेच कळत नाही.

एकही चावी उरली नसेल तर रीत तीच, फक्त आधी दार उघडणं आणि पातं कापणं आलं. वापरलेली चिप, म्हणजे दुसऱ्या गाडीत एकदा शिकवलेली, पुष्कळ प्रकारांत पुन्हा वापरता येत नाही. ती त्या गाडीशी कायमची बांधली जाते. ऑनलाइन 'ओरिजिनल युज्ड की' स्वस्तात मिळते ती यासाठीच स्वस्त असते.

क्लेमची_फाईल

कागदांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

गाडी चोरीला गेली की विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली तर दुसरी कुठे, याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब चोरीच्या आधीच्या तारखेचा असला तरच उपयोगाचा. त्यामुळे चावी हरवल्यावर फाईलमध्ये चार गोष्टी ठेवा: पोलिसांकडची हरवल्याची नोंद, विमा कंपनीला पाठवलेला मेल, नव्या चावीचं पक्कं बिल, आणि जॉबकार्डची (काय काम केलं ते लिहिलेल्या सर्व्हिस सेंटरच्या कागदाची) प्रत. जॉबकार्डवर 'चावी दिली' एवढंच लिहून देतात. आग्रहाने वाक्य घालून घ्या: जुन्या सर्व चाव्या काढल्या, अमुक इतक्या शिकवल्या. जमलं तर चाव्यांच्या आकड्याचा फोटो मागे टाचा.

हरवली आणि चोरली यांत फरक करा. खिशातून कुठे पडली तर गहाळ झाल्याची नोंद. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवले-सापडले या सदरात ती घरबसल्या करता येते. याला तपास होत नाही, तो फक्त दाखला. पण पर्ससकट किंवा घरफोडीत गेली असेल तर गुन्हाच नोंदवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम ३०३ आणि हिसकावून नेल्याचं ३०४. 'गहाळ लिहून टाका, सोपं पडेल' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पर्समध्ये लायसन्सही होतं तर चोराकडे चावी आणि पत्ता दोन्ही आहेत.

पॉलिसीत 'की रिप्लेसमेंट'चा जोड विमा असेल तर चावीचा आणि गरज पडली तर लॉकसेटचा, म्हणजे सगळ्या कुलपांच्या संचाचा, खर्च मर्यादेत मिळतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर यातलं काही नाही. कामाआधी कंपनीला कळवायचं हे विसरू नका. आधी बिल आणि मग कळवणं, यात दावा अडकतो. मदतवाहिनीच्या सेवेत पुष्कळदा घरून दुसरी चावी आणून देणं किंवा गाडी उचलून नेणं बसतं, तेही वाचून ठेवा.

कर्जावर गाडी असेल तर कागद बघा, काही फायनान्सवाले दुसरी चावी स्वतःकडे ठेवून घेतात.

रेडिओ_रेंज

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं वेगळं आहे. तिथे चावी खिशात असते. हँडलला हात लावला की गाडीच्या हँडलमधला आणि केबिनमधला अँटेना कमी वारंवारितेची हाक मारतो, मीटर-दीड मीटरच्या टप्प्यात चावी असेल तर ती ४३३ वर उत्तर देते. चावी जवळ आहे हे गाडी फक्त हाक पोचली यावरून ठरवते. चोर नेमका तिथेच हात घालतो: एक जण घराच्या दाराशी पिशवीत अँटेना घेऊन उभा, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक पुढे वाहून नेली की घरातल्या खुंटीवरची चावी प्रामाणिकपणे उत्तर देते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं, दहाही उघडल्या आणि सुरू झाल्या. यात कोड फोडावा लागतच नाही. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड आलंय, तिथे सिग्नलला लागलेल्या वेळेवरून खरं अंतर मोजलं जातं.

उपाय साधा. चावी दारालगतच्या खुंटीवर ठेवू नका. धातूच्या अस्तराचं पाकीट घेतलं तर तपासून घ्या: चावी त्यात घालून गाडीशेजारी उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट फेका. घडीवर फाटलेलं अस्तर डोळ्यांना दिसत नाही. टोयोटाच्या पुष्कळ चाव्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी झोपी जाते, हाकेला उत्तर देत नाही. कुठलंही बटण दाबलं की जागी.

सेल संपला तर घाबरू नका. चावीच्या कडेची कळ सरकवली की आतून छोटं पातं निघतं. दाराच्या हँडलवर टोपण असतं, त्याखाली कुलूप. आत बसून चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि चावीनेच बटण दाबा. सेल नसतानाही चालणारी चिप या चावीतही आहे. काही गाड्यांत टेकवायची जागा बटणाऐवजी कप ठेवायच्या खाचेत किंवा कन्सोलमध्ये असते, मॅन्युअल बघा.

आणि एक. इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तरी इंजिन बंद पडत नाही, फक्त गाडी ओरडते. नवऱ्याला स्टेशनवर सोडून बायको पुढे निघाली आणि चावी त्याच्या खिशात राहिली, तर गाडी मुक्कामापर्यंत बिनतक्रार जाते. तिथे बंद केली की संपलं.

जर्सीचा_जोशी

इमोबिलायझरने नक्की काय वाचतं याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून, कॅनडात २००७ पासून सक्तीचा. अमेरिकेत सक्ती नाही. त्यामुळे २०११ ते २०२१ च्या सुमाराच्या किया आणि ह्युंदाईच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या पुष्कळ स्वस्त मॉडेलांत इथे इमोबिलायझरच नव्हता. स्टिअरिंगखालचं झाकण काढून कुलपाचा दांडा यूएसबी केबलच्या टोकाने फिरवला की गाडी सुरू. समाजमाध्यमांवर ते व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. २०२३ मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिलं, स्टिअरिंगची कुलपं वाटली, आणि वीस कोटी डॉलरच्या आसपासची तडजोडही केली. त्याच गाड्यांच्या कॅनडातल्या भावंडांना या युक्तीने कुणी हात लावू शकलं नाही. फरक चिपचा.

नाशिककर_८००

पण वर क्लोनिंग होतं म्हणता. मग चिप फुटलीच की.

वायरिंगचा_गुंता

काही फुटल्या, खरं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएसटी४० या चिपचा गुप्त आकडा ४० बिटांचा (जितके बिट जास्त, तितका ओळखायला अवघड). तो २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी फोडला. हिटॅग२ या दुसऱ्या चिपचा ४८ बिटांचा, त्याचा हल्ला २०१२ मध्ये छापून आला. मेगामॉस या तिसरीचा ९६ बिटांचा असूनही आतली रचना कच्ची होती. ते दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने थांबवला होता, २०१५ मध्ये बाहेर आला. नाक्यावरची क्लोनिंग मशीनं याच जुन्या चिपांवर जगतात. नव्या गाड्यांत १२८ बिटांचं एईएस, म्हणजे जास्त मजबूत सांकेतिक पद्धत, आलंय, तिथे तो "गाडी आणायची गरज नाही" म्हणणार नाही.

पण चोराला चिप क्लोन करायला तुमची चावी हातात लागते. ती हातात नसेल तर त्याचा दुसरा रस्ता आत शिरून ओबीडीतून कोरी चावी शिकवणं. म्हणून ओबीडीच्या सॉकेटला लोखंडी झाकण आणि गिअरला कुलूप. दोन्ही दिसायला गावठी, पण चोराची दहा मिनिटं खातात.

कव्हर_बदलू

एक फार होणारी चूक. फ्लिप कीचं (पातं दुमडून आत जातं त्या चावीचं) कव्हर तुटलं की लोक ऑनलाइन नवं रिकामं कव्हर मागवतात, सर्किट आणि पातं त्यात घालतात, जुनं कव्हर कचऱ्यात. गाडीची दारं उघडतात पण इंजिन पकडत नाही. कारण चिप सर्किटवर नव्हती. ती जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात एका छोट्या खाचेत डिंकाने चिकटवलेली होती, काळ्या प्लास्टिकवर काळीच, दिसतच नाही. कव्हर उघडल्यावर आधी सगळ्या खाचा नखाने चाचपा. काही चाव्यांत ती सर्किटवरच असते, तेव्हा शोधून नाही मिळाली तर सर्किट नीट बघा. काढताना चिमट्याने दाबू नका, काचेची असेल तर तडकते. नवं कव्हर लावून गाडी एकदा सुरू केल्याशिवाय जुनं फेकायचं नाही.

रिमोटचा पल्ला कमी झाला तर आधी सेल मोजा. सीआर२०३२ नवा असताना तीन व्होल्टच्या वर असतो, २.७ च्या आसपास आला की जवळून चालतो, लांबून नाही. सेल बदलूनही एकच बटण चालत नसेल तर त्या बटणाखालचा सूक्ष्म स्विच गेला. मोबाइल दुरुस्तीवाला तो काढून दुसरा डकवतो, काम किरकोळ. पोरांनी खेळताना बटण शेकडो वेळा दाबलं तर रिमोटचा कोड गाडीच्या खूप पुढे पळतो आणि गाडी ओळख दाखवत नाही. शेजारी उभं राहून लागोपाठ दोनदा दाबा किंवा पात्याने दार उघडून इग्निशन ऑन करा, पुष्कळदा तेवढ्याने जुळतं.

चावी पाण्यात किंवा वॉशिंग मशीनमध्ये गेली: बटण दाबून बघू नका, आधी सेल काढा. सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा, दिवसभर सावलीत ठेवा. तांदळात ठेवल्याने पीठ तेवढं चिकटतं.

सह्याद्री_टोइंग

एकही चावी नसताना गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रकच, मागवा. पुढची चाकं उचलून ओढणं, मागची उचलून ओढणं, दोन्हींत लफडी आहेत: स्टिअरिंग लॉक झालेलं, गाडी गिअरमध्ये. ऑटोमॅटिक गाडी पी मधून निघत नाही. लिव्हरच्या शेजारी एक टोपण असतं, ते काढून आत पेचकसाने दाबलं की बऱ्याच गाड्यांत लिव्हर एन मध्ये येतो. हँडब्रेक विजेचा असेल तर तोही अडवतो, मग चाकांखाली स्केट (छोटी चाकं असलेल्या फळ्या) घालूनच वर चढवावी लागते. बेसमेंट पार्किंगमध्ये असेल तर आधी छताची उंची कळवा. फ्लॅटबेड आत येत नाही आणि दोन खेपांचे पैसे जातात. अशा ठिकाणी गाडी नेण्यापेक्षा मशीनवाल्याला तिथेच बोलावणं परवडतं, मोबाइलला रेंज आहे का तेवढं आधी बघा. पिन सर्व्हरवरून यायचा असतो.

चावी आत राहून दार लागलं आणि आत मूल असेल तर वायर-फायर घालत बसू नका. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, तिच्या कोपऱ्यात टणक टोकाने मारा. समोरच्या काचेवर ताकद घालवू नका, ती दोन थरांची असते आणि फुटूनही जागा सोडत नाही.

मीरा_वाई

सेकंडहँड गाडी घेतली. मालकाने दोन चाव्या दिल्या. या धाग्यावरून उत्साहाने आकडा बघायला सांगितला तर पडद्यावर तीन आल्या. मालक म्हणतात तिसरीबद्दल त्यांना काही माहीत नाही, त्यांनीही गाडी सेकंडहँडच घेतली होती.

वायरिंगचा_गुंता

मालक खरं बोलत असतील. तिसरी त्यांच्या आधीच्याकडे असू शकते, किंवा कधीतरी चुकून दोनदा शिकवली गेली असेल. कशीही असो, ती आता तुमची नाही. आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर ती, ओळखपत्र आणि दोन्ही चाव्या घेऊन जा, सगळ्या पुसून या दोनच शिकवा म्हणा. आधी रात्रभर बॅटरी चार्जला लावा. रिमोटही दोनच उरले का ते वेगळं बघायला सांगा.

क्लेमची_फाईल

आणि जॉबकार्डवर ते वाक्य.

कानस

पातं राहिलंच. तिसरी चावी कुणाकडे आहे ते माहीत नाही, म्हणजे दार तिला उघडतंच. डिकीत लॅपटॉप ठेवून गाडी रस्त्यावर लावत असाल तर ड्रायव्हरच्या दाराचं सिलिंडर काढून पट्ट्या बदलून घ्या. तासाभराचं काम आहे. इग्निशनला जुनंच पातं राहतं, मग कडीत दोन चाव्या होतात, तेवढा त्रास.